बुधवारचं पाणी

शनिवार-रविवार मी लोकांना माती समजावून सांगते. मुळात माझी नोकरी प्रयोगशाळेतली. द्राक्षातली साखर मोजायची, वाइनमधलं आम्ल मोजायचं, टाक्या नीट धुतल्या गेल्या की नाही ते बघायचं. पण आमच्या वायनरीत पाहुण्यांसाठी टेस्टिंग रूम झाली आणि बोलायला कोणी सापडेना, तेव्हा मालक म्हणाले, "मॅडम, तुम्हाला सगळं माहीत आहे, तुम्हीच सांगत जा." तेव्हापासून आठवड्याच्या शेवटी मी काउंटरमागे उभी असते. मुंबईहून, पुण्याहून, सुरतेहून मंडळी येतात. मी त्यांच्या ग्लासात थोडी थोडी ओतते आणि म्हणते, ही वाइन एकाच उतारावरच्या द्राक्षांची आहे. वर मुरूम आहे, खाली चिकणमाती आहे, दिवसा ऊन असतं, रात्री गारवा असतो. लोक ग्लास फिरवतात, त्यात नाक खुपसतात, माना डोलावतात. मग कुणीतरी चीज आहे का म्हणून विचारतं. पाचच्या सुमाराला माझे पाय बोलायला लागतात आणि मला सरांची आठवण येते. सर तिथे असते तर म्हणाले असते, "खोटं नाही बोललीस. पण अर्धंच बोललीस."

सर म्हणजे आमचे वाइनमेकर. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडलेली होती, आणि हे निवृत्त का होत नाहीत हा ऑफिसातला नेहमीचा विषय होता. उंच, किंचित वाकलेले, केस कापायचे कायम राहून गेलेले. अंगात बारा महिने एक तपकिरी हाफ स्वेटर. मे महिन्यात दिंडोरी रोडवर डांबर वितळतंय आणि सर स्वेटरमध्ये. कारण एवढंच, की त्या स्वेटरला चार खिसे होते आणि चारही खिशांत मातीची ढेकळं असायची, वेगवेगळ्या रुमालांत बांधलेली. लग्न केलेलं नव्हतं. पंचवटीत त्यांची थोरली बहीण एकटी राहायची, सगळे तिला आक्का म्हणत. सरांचे कपडे तिच्याकडे धुवायला जायचे. आक्कांच्या वॉशिंग मशीनमधून एकदा मुठीएवढा दगड निघाला. मेकॅनिकने तो सरांच्या हातात ठेवला, तर हे त्यालाच सांगत बसले की हा दगड कुठल्या थरातला आहे.

आसपासच्या गावांत त्यांना 'मातीसाहेब' म्हणायचे. ते माती खायचे म्हणून. म्हणजे चिमूटभर जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मग बाजूला थुंकायचे. मी नवी असताना त्यांनी मलाही चिमूट दिली.

"काय लागलं?"

"माती."

"ते मलाही माहीत आहे. कशी लागली?"

"मातीसारखी, सर."

दुपारपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना मात्र त्यांनी माझ्या डब्यातली मेथीची भाजी न विचारता घेतली आणि म्हणाले, "ही गंगापूरकडची. काळ्या जमिनीतली. मळ्याच्या कडेला कडुनिंब असणार." ती मेथी मी आदल्या संध्याकाळी सिडकोतल्या भाजीवाल्याकडून घेतली होती, त्याने कुठून आणली देव जाणे. सरांच्या बोलण्यात खरं किती आणि ठोकून दिलेलं किती, हे मला कधीच कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळत नसावं.

तरुणपणी ते इटलीत होते. तोस्काना नावाच्या भागात, एका टेकडीवरच्या एकाच मळ्यात त्यांनी कितीतरी वर्षं काढली. मळा तो केवढा, तर आपल्याकडचा बरा बागायतदार त्याला तुकडा म्हणेल. पण त्या तुकड्याची वाइन दुसऱ्या कशात मिसळत नसत. तिची बाटली वेगळी, तिचं नाव वेगळं. "आमच्याकडे," सर सांगायचे, आणि त्यांचं 'आमच्याकडे' म्हणजे नाशिक नव्हे हे कळायला नव्या माणसाला आठवडा लागायचा, "आमच्याकडे वरच्या ओळींत दगड आहे. पाटीच्या दगडासारखा, हातात धरला की चुरा होतो. खालच्या ओळींत चिकणमाती. वेल तोच, छाटणारी माणसं तीच. पण वरची वाइन उभी राहते आणि खालची पसरते." उभी राहते म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते दोन ग्लास काढायचे आणि सकाळच्या कामाची वाट लागायची.

त्या टेकडीवर लांबच्या समुद्राचा वारा येतो, पहाटे धुकं बसतं, भर उन्हाळ्यात रात्री अंगावर काही घ्यावं लागतं, हे सगळं आम्हाला पाठ झालं होतं. टेकडीचं नाव मात्र त्यांनी सांगितलं नाही. "नाव सांगितलं की लोक बाटली शोधायला जातात," म्हणायचे. आम्ही प्रयोगशाळेतल्या बायका त्या टेकडीला सरांची सासुरवाडी म्हणायचो. त्यांच्या कानावर ते गेलं होतं, आणि मला वाटतं त्यांना ते आवडलं होतं.

त्यांचं सगळ्यात मोठं दुःख झोपेचं होतं. स्वतःच्या नव्हे, वेलाच्या. तिकडे हिवाळ्यात वेल पानं टाकतो आणि चार महिने गाढ झोपतो. नाशकात त्याला झोप नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून त्याला उघडाबोडका करायचा, मग तो उन्हात नव्या काड्या काढतो. ऑक्टोबरात पुन्हा छाटायचा, काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे मिटलेल्या कोंबांना, औषधाची पेस्ट लावून त्याला उठवायचा, मग तो फळ देतो. वर्षातून दोनदा कात्री. "दमलेला जीव आहे हा," सर खोडावर हात ठेवून म्हणायचे. "याला कुणी रजा देत नाही." थंडीत निफाडला पारा उतरल्याची बातमी आली की बागायतदार वेल वाचवायला बागेत शेकोट्या पेटवायचे आणि सर हात चोळत म्हणायचे, "झोपू द्या रे त्याला जरा." त्या वर्षांत मी रोज सिडकोहून स्कूटरने यायची-जायची, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सर वेलाच्या दमणुकीबद्दल बोलायला लागले की मला वेलाचा हेवा वाटायचा. त्याच्याबद्दल बोलायला निदान कुणीतरी होतं.

आमच्या वायनरीच्या मागे एक उतार आहे. वरच्या बाजूला पाण्याची टाकी, खालच्या बाजूला बांध, मधे थोड्याच ओळी बसतील एवढी जागा. मालकांनी सरांना आणलं तेव्हा शब्द दिला होता, "हा उतार तुमचा. हवं ते लावा. ज्या दिवशी तुम्ही म्हणाल, त्या दिवशी याची वेगळी बाटली काढू." सरांनी तिथे त्यांच्या टेकडीवरचीच इटालियन जात लावली. सांजोवेझे. मजुरांनी आठवड्याभरात तिचा 'संजय' केला. "आज संजयची छाटणी हाय," असं एकमेकांना सांगायचे. सरांनी सुरुवातीला दुरुस्त करून पाहिलं, मग तेही संजय म्हणायला लागले.

माणसाला एखादीच गोष्ट हवी असते, तशी सरांना ती बाटली हवी होती. एका उताराची, दुसऱ्या कशाचीही भेसळ नसलेली. पण दर वर्षी चव बघून तेच म्हणायचे, "अजून नाही," आणि उताराची वाइन मोठ्या टाकीत जायची. मोठी टाकी म्हणजे आमची रोजची रेड वाइन, दहा ठिकाणच्या द्राक्षांची. त्या दिवशी सर कुणाशी बोलायचे नाहीत.

उतारासाठी त्यांचा एकच नियम होता. पाणी द्यायचं नाही. रोपं लहान होती तोवर ठिबक चालू होतं. त्यांनी मूळ धरलं तसा सरांनी टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद केला आणि सांगितलं, आता पाऊस देईल तेवढं. नळ्या तारांवर तशाच लटकत राहिल्या, कारण त्या काढायला कुणाला वेळ नव्हता. "आमच्याकडे वेलाला पाणी पाजणं म्हणजे पाप," सर म्हणायचे. "तहान लागली की मूळ खाली जातं. खाली गेलं की त्याला माती भेटते. वरच पाणी मिळालं तर तो खाली कशाला जाईल?" ओळींखाली त्यांनी उसाचं पाचट जाड अंथरून घेतलं होतं. बांधाजवळ पुरुषभर खोल खड्डा खणला होता, आत उतरायला पायऱ्या, तळाशी एक प्लॅस्टिकची खुर्ची. सर सकाळचा चहा तिथे घ्यायचे. पाहुणा कुणीही येवो, त्याला खड्ड्यात उतरवायचे आणि त्याचा हात धरून भिंतीला लावायचे. "मे महिना आहे. पाण्याचा थेंब दिलेला नाही. लागली का ओल? ही या मातीची ताकद. पावसाळ्यात पिते आणि उन्हाळ्यापर्यंत सांभाळते." पाहुणा बोटं चोळत वर यायचा. मीसुद्धा हात लावून पाहिला होता. ओल खरंच होती.

अशा वेळी पुंजाभाऊ खड्ड्याच्या काठावर उभे असायचे आणि दुसरीकडे बघायचे. पुंजाभाऊ आमचे मळ्याचे सुपरवायझर. दिंडोरीकडचेच, पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षातले. सरांचा शब्द त्यांना देवाचा शब्द. सर जे बोलतात ते अर्धं कळत नाही असं ते मला मोकळेपणाने सांगायचे, पण चारचौघांत सरांना कुणी हसलं तर त्याची खैर नसायची.

दर बुधवारी सर सकाळीच नाशकात जायचे. बुधवारी गोदेच्या काठी बाजार भरतो; आक्कांना बाजार करायचा असायचा आणि पिशव्या धरायला भाऊ लागायचा. मग तिच्याकडे भरली वांगी, भात, थोडी झोप, आणि संध्याकाळी परत. गुरुवारी सकाळी उतारावर फेरी मारून आले की खुशीत असायचे. "गुरुवारी वेल कसे ताजे दिसतात बघ," मला म्हणायचे. "बुधवारी मी त्यांना छळायला नसतो ना, म्हणून." यावर आम्ही सगळे हसायचो. पुंजाभाऊ जरा जास्तच हसायचे.

आणि एका वर्षी सरांनी उताराच्या पिंपातून ग्लासभर वाइन काढली, तोंडात धरली, आणि थुंकायचं विसरून गेले. मी समोर होते. त्यांनी ग्लास माझ्याकडे दिला. मला मातीची चव कळत नाही, पण ती वाइन मला कळली. आंबटपणा होता, तो बोचत नव्हता. मागून सुकलेल्या चेरीसारखं काहीतरी यायचं आणि रेंगाळायचं. सर भिंतीला टेकून उभे होते. "उभी राहिली ग," एवढंच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मलाही भरून आलं. इतकी वर्षं या माणसाची थट्टा केली, आणि आता त्याच्यासाठी एवढा आनंद झाला की कुणाला फोन करावा ते समजेना.

मालकांनी शब्द पाळला. बाटली ठरली, चित्रकाराकडून उताराचं रेखाचित्र झालं. लेबलवर काय लिहायचं ते मालकांनीच सुचवलं. "फक्त पावसाच्या पाण्यावर वाढलेली, असं टाकू. ठिबकाचा थेंब नाही. सर, हे नाशकात दुसरं कुणी म्हणू शकत नाही." सरांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पुंजाभाऊ प्रयोगशाळेच्या दारात आले. टोपी हातात.

"मॅडम, बाटलीवर पाण्याचं छापणारेत म्हणं?"

"हो. का?"

"मग लय घोळ झाला."

दारात उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. दर बुधवारी, साहेब नाशकाला गेले की ते टाकीजवळ जायचे आणि व्हॉल्व्ह उघडायचे. सरांनी तो बंद केला त्या वर्षापासून. पाचटाखाली ओल कुणाला दिसायची नाही. मी स्टुलावर बसून राहिले. मला हसूही येत होतं आणि लेबलवरची ओळही डोळ्यांसमोर येत होती.

"तुम्हीच सांगा ना मॅडम त्यांना. तुमचं ऐकत्यात."

"पाणी तुम्ही सोडलंत भाऊ, सांगायचंही तुम्हीच. मी बरोबर येते."

सर खड्ड्यात होते. खुर्चीवर बसून चहा पीत होते. आम्ही दोघं काठावर उभे राहिलो. पुंजाभाऊंनी एका दमात सांगून टाकलं आणि मग खाली बघत राहिले. सरांनी कप पायरीवर ठेवला.

"किती वेळ सोडायचास?"

"चहा होऊन दोन बिड्या ओढून होईस्तोवर. जास्त नाय."

"म्हणजे ही ओल..." सरांनी भिंतीला हात लावला.

"ती बी आपलीच, साहेब."

"का रे?"

"दुपारच्याला पानं मान टाकायची. तुम्ही म्हणायचे, तहान लागू दे, मूळ खाली जाईल. मी बी म्हणायचो, जाईल. पर मला रोज तिथून जावं लागतं ना साहेब. माझ्या बापानं खांद्यावरनं पाणी आणून बाग जगवली. तहानलेला वेल मागं ठेवून घरी भाकर गोड लागंना. पाहवलं नाय, साहेब."

सर चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "ही खुर्ची वर घे." पुंजाभाऊंनी खुर्ची वर घेतली आणि सर पायऱ्या चढून आले. चढताना त्यांनी माझा हात धरला. त्याआधी कधी धरला नव्हता.

त्याच दुपारी ते मालकांकडे गेले आणि बाटली रद्द करा म्हणाले. मालक हबकले. कारण कळल्यावर म्हणाले, "मग पाण्याची ओळ काढून टाकू. बाकी तर खरं आहे ना? उतार खरा, द्राक्षं खरी." मलाही तेच वाटत होतं, आणि मी तसं बोललेही. सर माझ्याकडे वळले. "उतार काय आहे ते मलाच ठाऊक नाही ग. मी ज्याला माती समजत होतो तो पुंजा निघाला. मग बाटलीवर मी काय लिहू?" मालक म्हणाले, "तुमच्या मनासारखं होऊ दे." त्यांचा काही तोटा नव्हता. सरांनी आयुष्यात केलेली सगळ्यात चांगली वाइन मोठ्या टाकीत गेली. पाइप लावायला त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. त्या वर्षीची आमची रोजची रेड लोकांना फार आवडली आणि का आवडली ते कुणाला कळलं नाही.

पुंजाभाऊंवर त्यांनी राग धरला नाही, पण विश्वासही ठेवला नाही. पुढच्या वर्षी दर बुधवारी ते पुंजाभाऊंना आपल्याबरोबर नाशकात घेऊन जायला लागले. पुंजाभाऊ आक्कांकडे पाटावर अंग चोरून बसायचे, भरली वांगी खायचे आणि सारखे घड्याळाकडे बघायचे. जाताना ते मळ्यातला कोथिंबिरीचा जुडा, गवार, असं काही न्यायचे, त्यामुळे आक्कांची त्यांच्यावर मर्जी बसली. "तुझ्यापेक्षा हा बरा," ती भावाला सांगायची. "हा खिशातून खायचं तरी काढतो."

इकडे उताराचं खरं रूप दिसायला लागलं. त्या वर्षी फळ आलं ते मण्यांसारखं बारीक आणि कडू. एप्रिलची छाटणी झाली, पण काड्या वीतभर वाढून थांबल्या. पानं कडेने करपली. वरच्या ओळीतले काही वेल मेलेच. खड्ड्याच्या भिंतीला भेगा गेल्या, हात लावला की नुसती धूळ. सर रोज माती जिभेवर ठेवायचे आणि काही न बोलता थुंकायचे. पाहुण्यांना खड्ड्यात नेणं त्यांनी बंद केलं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एकदा मी म्हटलं, "सर, तिकडच्या टेकडीवर उन्हाळ्यातही मधूनमधून पाऊस पडतो ना? आपल्याकडे दिवाळीनंतर जूनपर्यंत कोरडं. वेलाने कुठून आणायचं?" ते म्हणाले, "मला ठाऊक आहे." मग म्हणाले, "पहिल्यापासून ठाऊक होतं. मला वाटलं, ही माती जरा वेगळी असेल."

मे महिन्यातल्या एका बुधवारी सर नाशकात गेले नाहीत. पुंजाभाऊंना एकट्यांनाच आक्कांकडे पाठवलं, पिशव्या धरायला. दुपारी मी खिडकीतून पाहिलं तर स्वेटर घातलेली ती उंच आकृती उतार चढत होती. मी छत्री घेऊन मागे गेले. पोचले तेव्हा ते टाकीजवळ जमिनीवर बसले होते आणि दोन्ही हातांनी व्हॉल्व्हशी झटत होते. तो घट्ट बसला होता. आम्ही दोघांनी मिळून फिरवला. नळ्यांतून आधी हवा सुसाटली, मग पाणी चाललं. सर बघत राहिले.

"पाहवलं नाही," ते म्हणाले.

मी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली. वातावरण हलकं करावं म्हणून विचारलं, "मग आता ही वाइन कुणाची म्हणायची, सर? मातीची, हवेची, की बुधवारची?"

"ते तू ठरव," ते म्हणाले. "मी दमलो ग." आणि खरंच, इतका दमलेला माणूस मी पाहिला नव्हता. खाली येताना त्यांनी स्वेटर काढून हातात घेतला होता.

त्या पावसाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, शब्द बरेचसे गेले. आक्कांनी त्यांना पंचवटीला नेलं. उताराकडे पुंजाभाऊ बघत राहिले. आता लपवायचं काही कारण नव्हतं, रोज पाणी दिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. पण ते बुधवारीच व्हॉल्व्ह उघडतात, आणि तेवढाच वेळ. मी विचारलं तर म्हणाले, "त्या वेलाला तीच सवय हाय मॅडम. साहेबांचा वार हाय तो." मेलेल्या वेलांच्या जागी नवे लावले. आणि दोन हंगामांनी ती चव परत आली. मालकांना आपला शब्द आठवला, बाटली निघाली. तीच, जी मी शनिवार-रविवार काउंटरवर ओतते. लेबलवर उताराचं चित्र आहे. पाण्याबद्दल त्यावर काही लिहिलेलं नाही, ते मी जातीने बघितलं.

शनिवार-रविवार काम म्हणून माझी सुट्टी बुधवारी असते. गेल्या मे महिन्यातल्या एका बुधवारी मी ती वाइन स्टीलच्या थर्मासमध्ये भरून आक्कांकडे गेले. तिच्या घरात असलं काही चालत नाही.

"काय आहे ग त्यात?" आक्कांनी दारातच विचारलं.

"काढा आहे, आक्का. सरांसाठी."

"मला वास येतो हो, म्हातारी झाले तरी. दे त्याला. माझ्या देवघराकडे पाठ करून दे."

सर खिडकीजवळच्या कॉटवर होते. फार वाळले होते. मी चमच्याने त्यांच्या तोंडात थोडी घातली. त्यांनी ती धरून ठेवली, डोळे मिटले, अगदी पूर्वीसारखे. थुंकता येत नव्हतं, म्हणून गिळली. मी वाट बघत होते. उभी राहिली म्हणतील, की पसरली म्हणतील. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मला त्यांनी ओळखलं की नाही हे आजही सांगता येणार नाही.

"आज... वार?"

"बुधवार, सर."

त्यांची बोटं चादरीवर हलायला लागली. चेहऱ्यावर काळजी आली. "पाणी," ते म्हणाले. मग खूप वेळ लावून, "सोडलं?"

पुंजाभाऊ कळवणला गेले होते, भाचीच्या लग्नाला. सोमवारीच मला सांगून गेले होते, गुरुवारी आल्यावर सोडतो म्हणून.

"सोडलं, सर," मी म्हटलं.

त्यांची बोटं थांबली. थोड्या वेळाने श्वास संथ झाला. "हल्ली दुपारचा कधी झोपत नाही हा," आक्का दारातून हळूच म्हणाली. "नुसता टकटक बघत असतो." आम्ही पंखा कमी केला आणि बाहेर आलो.

खाली येऊन मी हेल्मेट घातलं. घरी कपड्यांचा ढीग होता, उन्हाने डोकं दुखत होतं, आठवड्याची एकच सुट्टी. पाणी एक दिवस पुढे गेलं म्हणून वेल मरत नाही. मी सायन्सची आहे, मला कळतं. सिडकोकडे वळायचं ते मी दिंडोरी रोडला लागले. सगळा रस्ता मी सरांना शिव्या देत होते. टाकीजवळ पोचले तेव्हा व्हॉल्व्ह तापला होता. ओढणी गुंडाळून, टाच लावून तो फिरवला. मग उतरून बांधाजवळच्या खड्ड्याच्या काठावर बसले आणि शेवटच्या ओळीपर्यंत पाणी येण्याची वाट बघत राहिले. पाचट बाजूला करून पाहिलं. माती काळी पडली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून एक चिमूट जिभेवर ठेवली. मातीसारखीच लागली.

मी आक्कांना फोन लावला.

"सर उठले की सांगा, पाणी सोडलंय."

"अगं, मघाशीच सांगितलंस ना त्याला?"

"हो," मी म्हटलं. "पण पुन्हा एकदा सांगा."